संध्याकाळचं कोल्हापूर विमान : पाचपैकी अडीच

गुण आधीच सांगून टाकते, ज्यांना तेवढंच हवंय त्यांचा वेळ जायला नको. विमान उडवणं : पाचपैकी पाच. केबिनमधल्या पोरी : साडेचार. चहा : एक, तोही दयेपोटी. जमिनीवर बसून विमानाची आखणी करणारं डेस्क आणि कॉकपिटमधली दोन माणसं यांचं आपसातलं बोलणं : शून्य. सगळं मिळून अडीच देते. सरासरी काढत बसू नका, जमणार नाही. शून्य कुठं पडलंय त्याला महत्त्व आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही, विमान कुठून निघालं तेही लिहीत नाही. कोल्हापूरला उतरणारी विमानं बोटांवर मोजण्याइतकी, शहर सांगितलं की शेंबडं पोरही कंपनी ओळखेल. आणि हे दुखणं काही एकाच कंपनीचं नाही. मी एकतीस वर्षं हेच काम करून निवृत्त झालेय. फ्लाइट डिस्पॅचर. मुंबईत, सांताक्रूझच्या एका खिडकी नसलेल्या खोलीत. आता राजारामपुरीत आईच्या घरी असते. गल्लीत सगळे मला 'विमानवाल्या ताई' म्हणतात आणि त्यातल्या निम्म्यांना वाटतं मी हवाई सुंदरी होते. होऊ दे गैरसमज, माझं काय जातंय.

डिस्पॅचर म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लोकांना वाटतं वैमानिक टॉवरशी बोलतो आणि विमान येतं. टॉवर आणि एटीसी म्हणजे आभाळातले ट्रॅफिक पोलीस; दोन विमानं एकमेकांवर येऊ नयेत, एवढं ते बघणार. पण या विमानात इंधन किती घालायचं, कुठल्या वाटेनं न्यायचं, उतरता आलं नाही तर कुठं वळवायचं, तिथं हवा कशी आहे, तिथलं विमानतळ त्या वेळी उघडं तरी आहे का, वजन किती, कुठला बिघाड घेऊन निघायला परवानगी आहे, हे सगळं कंपनीच्या डेस्कवर बसलेलं माणूस बघतं. सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, खिडकीत बसलेला एस्टीचा कंट्रोलर आठवा. फरक इतकाच, की एस्टी वाटेत थांबवता येते.

आता त्या संध्याकाळचं.

जुलैचा दुसरा आठवडा. विमान एटीआर, पंखेवालं. लोक त्याला नाकं मुरडतात, मला आवडतं. लहान धावपट्टीवर, पावसात, अशा गावांसाठीच ते बनवलंय. दाराचीच शिडी होते, बाहेरून काही आणायला लागत नाही. खिडकीजवळची जागा मी मागून घेतली होती, पंखाखालची. शेजारी शाहूपुरीतले एक गुळाचे व्यापारी. बसल्या बसल्या त्यांनी बूट काढले आणि मला विचारलं, "ताई, वेळेत जातंय न्हवं हे? सकाळी सौदे हायत."

मी म्हटलं, जातंय की.

निघायची वेळ पाच-चाळीस. पाच-पस्तीसला दार लागलं. पाच-पन्नासला दार उघडलं. मग खाली इंधनाची गाडी परत येताना दिसली. ती मघाशीच पाइप गुंडाळून निघून गेली होती. मी घड्याळ बघितलं. दार लावल्यावर इंधनाची गाडी परत आली, म्हणजे वर आणि खाली वेगवेगळे कागद आहेत. हे कळायला एकतीस वर्षं लागत नाहीत, पण एकतीस वर्षांनंतर पोटात खड्डा पडतोच.

घोषणा झाली : "ऑपरेशनल कारणामुळे थोडा विलंब होत आहे." या वाक्याला मी गुण देत नाही. हे वाक्य आम्हीच जन्माला घातलंय, आमच्या कर्माची फळं.

मग मागचा माल ठेवायचा कप्पा उघडला आणि बॅगा उतरायला लागल्या. मी मोजल्या, चौदा. त्यातली एक माझी, हिरव्या दोरीची गाठ मारलेली. केबिनमधल्या पोरीला विचारलं, "बाळ, कोल्हापूरला पाऊस वाढलाय का? जादा फ्युएल घेताय ना?" ती दचकली. मग खाली वाकून हळूच म्हणाली, "मॅम, कॅप्टनना आत्ता कळलं की प्लॅन रिव्हाइज झालाय."

एवढ्या एका वाक्यात सगळं आलं. झालं होतं ते असं : कोल्हापूरची हवा बिघडत चाललीय हे डेस्कवरच्या माणसानं बघितलं. त्यानं शहाणपणानं नवा प्लॅन काढला, अर्धा तास आभाळात घिरट्या घालता येतील एवढं जादा इंधन धरून. एटीआरला त्यासाठी ढोबळमानानं तीनशे किलो लागतात. धावपट्टी ओली, उतरतानाचं वजन मर्यादेत ठेवायचं, म्हणजे तीनशे किलो इंधन चढलं तर तेवढं काहीतरी उतरणार. म्हणून बॅगा. सगळं बरोबर. मी त्या खुर्चीत असते तर मीही हेच केलं असतं. फक्त हा नवा प्लॅन छापून कॅप्टनच्या हातात गेलाच नाही. विमानतळावर कंपनीचं काम बघणाऱ्या पोराच्या फोनवर गेला, त्यानं सामानवाल्यांना सांगितलं, सामानवाल्यांनी लोडशीटवाल्याला. लोडशीट म्हणजे विमानात काय किती वजनाचं चढलं त्याचा कागद. ज्यानं विमान न्यायचं त्याच्या मांडीवर जुनाच कागद. दार लावताना लोडशीटवरचं इंधन आणि कॅप्टनच्या कागदावरचं इंधन जुळेना, तेव्हा त्यानं दार उघडायला लावलं. त्याचे पाच गुण मी तिथंच नक्की केले. घाईत दुसरा एखादा म्हणाला असता, चालतंय की, थोडाच फरक आहे.

सहा-पस्तीसला उडालो. उड्डाण झकास. ढगात हादरे बसले, पण कॅप्टननं आधी सांगून ठेवलं होतं, किती मिनिटं बसतील तेही. तेवढीच मिनिटं बसले.

इथं जरा थांबते, कारण माझं स्वतःचं एक पाप सांगितल्याशिवाय दुसऱ्याला शून्य देणं बरं दिसत नाही.

नोकरीला लागून सहा-सात वर्षं झाली असतील. अशीच पावसाळी रात्र. आमचं एक विमान मुंबईवर घिरट्या घालत होतं आणि कॅप्टननं कंपनीच्या फ्रिक्वेन्सीवर विचारलं, अजून किती वेळ धरायचा? मी एटीसीला फोन करून माहिती घेतली आणि रेडिओवर सांगितलं, "एक्स्पेक्ट फिफ्टीन मिनिट्स." रेडिओत खरखर. पंख्याखाली बसलेला माझा आवाज. त्यांनी ऐकलं 'फिफ्टी'. पन्नास मिनिटांचं इंधन त्यांच्याकडे नव्हतं. विमान अहमदाबादला गेलं. पंधरा मिनिटांनी मुंबई उघडली आणि त्यांच्या मागून आलेली विमानं एकामागोमाग एक उतरली. दीडशे माणसं अहमदाबादेत, रात्री अकराला. आकडे सुटे बोलायचे, 'वन फाइव्ह', 'फाइव्ह झीरो', हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. आणि समोरच्यानं परत म्हणून दाखवल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचं नाही, हेही. मी दोन्ही खाल्लं होतं.

दुसऱ्या दिवशी तो कॅप्टन डेस्कवर आला. मला वाटलं आता ओरडणार. त्यानं चहा मागवला आणि विचारलं, "तुझा आवाज वर कसा ऐकू येतो ते ऐकलंयस कधी?" आठवड्याभरात त्यानं साहेबांकडून परवानगी काढून मला कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर बसवून दिल्लीला नेलं.

त्या खुर्चीवर मी जे शिकले ते कुठल्या वर्गात शिकले नसते. तोवर मला वाटायचं, मी निरोप पाठवला म्हणजे तो पोचला. आमच्याकडे एकार्स होतं. 1978 पासून विमानांत आलेली ही सोय म्हणजे विमानाला पाठवायची तार समजा. डेस्कवर टाइप करायचं, कॉकपिटमधल्या बारक्या प्रिंटरमधून पट्टी बाहेर. किराणा दुकानातल्या बिलासारखी. दिल्लीला उतरताना, दहा हजार फुटांच्या खाली आल्यावर, ती पट्टी किर्र किर्र करत बाहेर आली. दोघांपैकी एकानंही तिकडं बघितलं नाही. एक जण विमान चालवतोय, दुसरा एटीसीला उत्तरं देतोय, मधे चेकलिस्ट. दहा हजार फुटांखाली कामापलीकडचा एक शब्द बोलायचा नाही, असा नियम अमेरिकेनं 1981 मध्ये केला आणि मग जगभर तो पाळला जाऊ लागला. उतरल्यावर विमान पार्क झालं, पंखे थांबले, तेव्हा को-पायलटनं पट्टी फाडून वाचली. अकरा ओळी होत्या. कामाची गोष्ट नवव्या ओळीत. पाठवणारा माझाच सहकारी, आणि लिहिण्याची पद्धत माझीच.

परत आल्यावर मी लिहायची रीत बदलली. काय करायला लागेल ते पहिल्या ओळीत. कारण दुसऱ्या ओळीत. तिसरी ओळ नाहीच. आणि उतरायला सुरुवात करायच्या आधी पोचेल अशा बेतानं. दुपारी चारनंतर दुकान बंद करून निघालेल्या माणसाला हाका मारण्यात अर्थ नसतो.

अमेरिकेत डेस्कवरच्या माणसानं बारा महिन्यांत किमान पाच तास कॉकपिटमध्ये बसून काम बघायलाच हवं, असा नियम आहे. तिथं निघण्याआधीच्या आखणीची जबाबदारी कायद्यानं कॅप्टन आणि डिस्पॅचर दोघांची मिळून असते. विमान आणि डेस्क यांचं थेट बोलणं होईल अशी व्यवस्था कंपनीला ठेवावी लागते, सरकारी यंत्रणेवर विसंबून चालत नाही. 1995 मध्ये तर त्यांच्या सरकारनं कंपन्यांसाठी वेगळं मार्गदर्शन काढलं, डिस्पॅचरांना वैमानिकांशी बोलायचं, ऐकायचं, आपलं म्हणणं रेटायचं कसं ते शिकवा म्हणून. त्याआधी पाच वर्षं काय झालं होतं ते आमच्या पिढीच्या डिस्पॅचरांना पाठ आहे.

25 जानेवारी 1990. कोलंबियाहून न्यूयॉर्कला येणारं आव्हियांका कंपनीचं 52 नंबरचं विमान, बोइंग 707. न्यूयॉर्कची हवा खराब. तीनदा मिळून एक तास सतरा मिनिटं त्याला घिरट्या घालायला लावल्या. इंधन संपत आलं. त्यांनी एटीसीला 'प्रायॉरिटी' हवी म्हणून सांगितलं, 'इमर्जन्सी' हा शब्द काही उच्चारला नाही. पहिल्यांदा उतरता आलं नाही, परत वर घेतलं आणि इंजिनं एकेक करून बंद पडली. लाँग आयलंडवर टेकडीच्या उतारावर विमान पडलं. 158 पैकी 73 माणसं गेली. आग लागली नाही, जळायला टाकीत काही उरलंच नव्हतं. हे सगळ्यांना माहीत असतं. वर्गात ते 'शब्द नीट वापरा' एवढ्यापुरतं सांगतात. पण चौकशीच्या निष्कर्षात आणखी एक ओळ आहे, ती आम्ही डेस्कवाले विसरत नाही : एवढ्या गर्दीच्या विमानतळावर, एवढ्या खराब हवेत येताना त्या वैमानिकांनी कंपनीच्या डिस्पॅचची मदतच घेतली नाही. सत्याहत्तर मिनिटं ते तिथं गोल फिरत होते आणि जमिनीवरचं आपलं माणूस त्या गोष्टीत कुठंच नाही. अमुक मिनिटांनंतर वळवायला ठरवलेल्या बोस्टनला जाता येणार नाही, आत्ताच ठरवा, असं सांगायला त्यांचं स्वतःचं कुणी नव्हतं.

असो. आमच्या एटीआरवर येऊ. आमच्या जिवाला त्या रात्री धोका नव्हता, हे स्पष्ट लिहिते. उगाच कुणी घाबरून तिकीट रद्द करू नका.

पावणेआठला कोल्हापूरवर आलो. खाली काही दिसेना. ज्यांना उजळाईवाडीचं हे विमानतळ माहीत आहे त्यांना सांगायला नको; जागा समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंच, पावसाळ्यात ढग धावपट्टीवर बसायला आल्यासारखे येतात. 1939 मध्ये राजाराम महाराजांच्या काळात इथं विमानतळ झालं तेव्हा लोक विमान बघायला बैलगाड्या जुंपून गेले असं माझी आजी सांगायची. आता नवी टर्मिनल इमारत आहे, 2024 च्या मार्चमध्ये उद्घाटन झालेली, दगडी कमानींची, देखणी. रात्रीची सोय झाली, धावपट्टी वाढली. ढगांना मात्र कुणी वाढीव मुदत दिलेली नाही.

वीस-पंचवीस मिनिटं घिरट्या. मघाचं तीनशे किलो इथं कामाला आलं बघा. डेस्कवरच्या त्या अनोळखी माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. एकदा उतरायचा प्रयत्न झाला, चाकं बाहेर आली, पंख्यांचा आवाज बदलला, काचेवर पाण्याच्या रेघा, आणि मग एकदम जोर लावून विमान वर. मागं कुणीतरी "अंबाबाई, अंबाबाई" म्हणत होतं. कॅप्टननं दोन मिनिटांत सांगितलं : धावपट्टी दिसली नाही, बेळगावला जातोय. सरळ, स्वच्छ. पाचपैकी पाच म्हटलं ते उगाच नाही.

गुळवाले शेजारी म्हणाले, "बेळगावलाच न्यायचं हुतं तर एस्टी काय वाईट हुती?"

सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, उतरलो आठ-चाळीसला. चाकं टेकली आणि पाच मिनिटांत सगळ्यांचे फोन वाजले. कंपनीचा निरोप : 'कोल्हापुरात आपले स्वागत आहे.' सगळं विमान हसलं. मला हसू आलं नाही. त्या निरोपाचा अर्थ असा, की विमान बेळगावला गेलंय हे कंपनीच्या निम्म्या यंत्रणेला अजून माहीतच नाही.

आणि मग सुरू झाला खरा तमाशा.

आठ-पन्नास : "आपण इंधन भरून पुन्हा कोल्हापूरला जाऊ." टाळ्या.
नऊ-पाच : "प्रवाशांनी इथंच उतरायचं आहे, बसची व्यवस्था होत आहे." हाय रे.
नऊ-वीस : "कृपया बसून राहा, पुढील सूचनेची वाट पाहत आहोत."
नऊ-चाळीस : परत इंधन.

पंखे बंद, गरम व्हायला लागलं. दार उघडं होतं, शिडी खाली होती, पण उतरायचं की नाही ते ठरत नव्हतं. शिडीपाशी हातात वॉकीटॉकी घेतलेला एक पोरगा उभा. पंचविशीचा असेल. हा कंपनीचाही नव्हता. ज्या एजन्सीला काम दिलेलं तिचा. त्याचा फोन स्पीकरवर, कारण दुसऱ्या हातात छत्री. मी दारातल्या रांगेत, वारा खायच्या निमित्तानं. तो शेवटी वैतागून फोनमध्ये म्हणाला, "सर, तुम्ही म्हणताय फ्युएल भरा, कॅप्टन म्हणतायत ड्यूटी संपतेय. तुमचं आधी तुमच्यात ठरवा की! मी कुणाचं ऐकू?"

मला त्या पोराला तिथंच पाच स्टार द्यावेसे वाटले.

थोड्या वेळानं को-पायलट शिडीवर आली. मुलगी, केस घट्ट बांधलेले, डोळे दमलेले. मी माझी ओळख सांगितली. या धंद्यातली माणसं एकमेकांना दोन शब्दांत ओळखतात. तिनं कंपनीबद्दल वावगं काही बोललं नाही, आणि मीही खोदलं नाही. पण घोळ काय ते दिसतच होतं. डेस्कचं म्हणणं : दहापर्यंत कोल्हापूरचे ढग उचलतील, इंधन भरा आणि जा. कॅप्टनचं म्हणणं : आम्ही सकाळपासून कामावर आहोत, वैमानिकांच्या ड्यूटीचे तास नियमानं बांधलेले असतात, इंधन भरून, थांबून परत गेलो तर ते उलटतात. दोघांचंही बरोबर. आणि दोघांनाही एकमेकांचं अर्धंच माहीत. डेस्ककडे तास मोजायचा कागद होता, पण निघताना झालेला पंचावन्न मिनिटांचा उशीर त्यात चढलाच नव्हता.

त्याहून मोठी गंमत पुढं. लहान विमानतळांची उघडं राहायची वेळ ठरलेली असते, आमच्या भाषेत वॉच अवर्स. उशिरा विमान आणायचं तर कंपनीनं आधी मुदतवाढ मागायची. कॅप्टनला वाटलं, डेस्क परत जा म्हणतंय म्हणजे डेस्कनं मुदतवाढ मागितली असणार. डेस्कला वाटलं, कॅप्टन निघायची वेळ कळवेल, मग मागू. मागितली कुणीच नाही. साधा प्रश्न, 'मागितलीत का?', आठ-पन्नासला विचारला असता तर तासभर वाचला असता.

हे आभाळात असतानाच का ठरलं नाही, असं गुळवाल्यांनी मला बसमध्ये विचारलं. प्रश्न फार नेमका होता. उत्तर असं, की व्हीएचएफ रेडिओच्या लहरी सरळ रेषेत जातात. विमान तीसेक हजार फुटांवर असेल तर साडेतीनशे किलोमीटरवरून बोलता येतं. पाच-सहा हजार फुटांवर घिरट्या घालणाऱ्या विमानाला लांबच्या शहरातलं डेस्क कुठून ऐकू येणार? मधे पृथ्वीची गोलाई, मधे डोंगर. म्हणूनच मोठ्या विमानांत उपग्रहाची सोय असते. ती नसेल तर शहाणं डेस्क निघायच्या आधीच बोलून ठेवतं : वळवायला लागलं तर बेळगाव, बेळगावला गेलात तर तिथंच थांबायचं, बस मी आधीच सांगून ठेवतो. दोन मिनिटांचं बोलणं. पण ज्या दोन माणसांमध्ये निघताना इंधनाचा आकडासुद्धा तिसऱ्याच्या फोनवरून गेला, त्यांच्यात हे दोन मिनिटांचं बोलणं झालं असेल असं मला वाटत नाही.

यात नवीन काही नाही म्हणा. वैमानिकांना वाटतं डेस्कवाले एसीत बसून आकडे टाकतात. डेस्कवाल्यांना वाटतं वैमानिक म्हणजे जावई. एका डेस्कवर एका वेळी डझनावारी विमानं असतात आणि पावसाळ्यात ती सगळी एकदमच रडायला लागतात. हे मी सबब म्हणून सांगत नाही. मी त्या खुर्चीत रडकुंडीला आलेय, म्हणून सांगते.

दहाला उतरवलं. टर्मिनलमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटं मिळाली, तीही त्या छत्रीवाल्या पोरानं धावाधाव करून आणलेली. पावणेअकराला बस. बस चांगली होती, पडदे स्वच्छ, ड्रायव्हर निपाणीचा. तवंदी घाटात धुकं इतकं, की पुढच्या ट्रकचा लाल दिवाच तेवढा दिसत होता. ड्रायव्हर काच खाली करून, मान बाहेर काढून, शेजारच्या क्लीनरला सारखा विचारायचा, "डावीकडं काय हाय?" क्लीनर सांगायचा, "दगुड हाय, अंतर हाय, चल." ड्रायव्हर परत म्हणायचा, "दगुड हाय, अंतर हाय." आणि मगच पुढं घ्यायचा. मी अर्धा घाट नुसती ऐकत बसले. निरोप देणं, तो परत म्हणून दाखवणं, मग हालचाल. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना.

संकेश्वरला चहासाठी थांबलो होतो. विमानातल्या चहाला एक गुण का दिला ते तिथं कपाला तोंड लावल्यावर सगळ्यांना पटलं असतं. गुळवाल्यांनी पैसे देऊ दिले नाहीत. "ताई, तुम्ही आज लई शिकवलासा," म्हणाले. मी म्हटलं, "शिकवलो कुठं, बडबडलो नुसतं." लिहिताना मी 'बडबडले' लिहीन, पण बोलताना कोल्हापूरच्या बाईच्या तोंडून 'आलो-गेलो'च येतं. मुंबईत एकतीस वर्षं काढली, रेडिओवर इंग्रजी सुधारलं, हे नाही सुधारलं.

रात्री सव्वाला तावडे हॉटेलपाशी सोडलं. विमानतळावर नेऊन उपयोग नव्हता, तिथं रिक्षा मिळाली नसती. हे कुणी ठरवलं विचारलं, तर ड्रायव्हरनं. डेस्कनं त्याला उजळाईवाडीच सांगितलं होतं.

बॅग तिसऱ्या दिवशी घरपोच आली, हिरव्या दोरीसकट. त्याबद्दल तक्रार नाही.

या विमानानं परत जाईन का? जाईन. पुढच्या महिन्यात तिकीट काढलंयसुद्धा. पावसाळ्यात कोल्हापूरला संध्याकाळचं विमान घेणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी महत्त्वाचं काम ठेवू नये, एवढंच सांगते. शक्यतो दुपारचं घ्या. औषधं, चार्जर आणि एक कपड्याचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा, बॅग विमानात चढवली म्हणजे ती आलीच असं नसतं. दार लागल्यावर इंधनाची गाडी परत आलेली दिसली तर घरी फोन करून सांगा, जेवायला थांबू नका.

चौथ्या दिवशी कंपनीचा अभिप्रायाचा फॉर्म आला. वैमानिक, केबिन क्रू, स्वच्छता, खानपान, चेक-इन. प्रत्येकापुढं चेहरे, हसरा ते रडका. डिस्पॅचला चेहरा नाही. 'इतर' म्हणून एक बारकी चौकट होती, तिथं मी जुन्या सवयीनं दोन ओळी लिहिल्या. पहिली : डेस्कवरच्या माणसांना वर्षातून एकदा कॉकपिटमध्ये बसवा. दुसरी : त्या दिवशी जादा इंधन धरणाऱ्या डिस्पॅचरला माझा नमस्कार पोचवा आणि पोचला का ते मला कळवा.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, तो आमच्या केबिन क्रूपर्यंत पोहोचवण्यात आला आहे.